सहा सत्रं, तीन पावसाळे

खोपोलीजवळच्या साजगावची यात्रा, एक अपवाद वगळता, आमच्या वेळापत्रकात कधी बसली नाही. कार्तिकी एकादशीला विठोबाच्या देवळाभोवती दुकानं मांडली जातात आणि पुढचा पंधरवडा रस्त्याला सुक्या बोंबलांचा वास असतो. धाकटी पंढरी म्हणून वारकरी येतात आणि त्याच वाटेवर घरोघरची माणसं सुकी मासळी भरून नेतात. ज्या देवासाठी तुळशीची माळ घालून मासळी सोडायची, त्याच देवाला इथे बोंबल्या विठोबा म्हणतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मिरचीचा व्यापार करायला तुकोबा घाट उतरून इथे यायचे, अशी आख्यायिका आहे. भक्ती आणि बाजार या दोन्हींचं गणित इथे भातकापणीशी जुळलेलं आहे. पीक घरात आलेलं असतं, हातात थोडे पैसे खुळखुळत असतात. विद्यापीठाच्या लेखी मात्र हा काळ कधी सत्रपरीक्षेचा, कधी उत्तरपत्रिका तपासण्याचा, कधी नुसत्याच सुट्टीचा.

बी.ए.ची तीन वर्षं आता संपत आली आहेत. मागे वळून पाहिलं की जाणवतं, मी जे काही धडपणे शिकले, त्यातलं बरंचसं या दोन वेळापत्रकांमधल्या फटीत सापडलेलं आहे.

जुलै 2023 मध्ये प्रथम वर्षाचा प्रवेश होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. 19 जुलैच्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आमच्याच खालापूर तालुक्यातली ही वाडी. चौक गावाच्या बाजूनं वर जायला गाडीरस्ता नाही. यंत्रं चढवता येईनात, भर पावसात हातांनी चिखल उपसावा लागला. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे डोंगर पायाखाली असलेले गट आणि एनडीआरएफचे जवान वर राबत होते. 23 जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. आम्ही नवखी पोरं वर गेलो नाही, आणि आम्हाला जाऊ दिलं नाही तेच बरं झालं. खाली आलेल्या मदतीची वर्गवारी करायचं काम आमच्याकडे आलं. लोकांनी जुने कपडे ढिगांनी पाठवले होते. काय लागेल, हे विचारायचं मात्र फार थोड्यांना सुचलं होतं.

त्या आठवड्यातली एक बातमी डोक्यात घर करून राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, असं सरकारनंच सांगितलं. मग या याद्या कोण करतं? कोणत्या महिन्यात, कुठे उभं राहून? प्रथम वर्षाच्या मुलीला या प्रश्नांचं काही करता येण्याजोगं नव्हतं. पण अर्थशास्त्राच्या पुस्तकातला कुठलाही तक्ता मी त्यानंतर निमूटपणे वाचू शकले नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं ते मैत्रिणी जात होत्या म्हणून, आणि खोटं कशाला सांगू, दहा वाढीव गुणांसाठीही. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा हिशेब. आमच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं, त्याचा अर्थ काय हे पहिल्याच बैठकीत पाठ करून घेतात. योजनेचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही, आणि तो तर आमच्या जिल्ह्यातून जातो. पदवीच्या शिक्षणाआधी मुलांनी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा सक्तीनं करावी, अशी शिफारस 1959 साली नेमलेल्या समितीनं केली होती. तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचे. खर्चाचं गणित जमेना म्हणून ती शिफारस बाजूला पडली. पुढे सक्तीऐवजी स्वेच्छेची योजना आखली गेली आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांमध्ये ती सुरू झाली. सक्ती टळली याचं मला दुःख नाही. पण देशमुखांच्या कल्पनेत एक गोष्ट होती, ती आमच्या तासांच्या हिशेबात उरली नाही. नऊ महिने सलग एका ठिकाणी राहिलं की गावाचं वर्ष जवळजवळ पूर्ण डोळ्यांसमोरून जातं. सात दिवसांत फार तर एक आठवडा दिसतो. शिवाय तो आठवडा कुठला, हे गाव ठरवत नाही.

आमचा आठवडा डिसेंबरात होता. साजगावपासून चालत जाता येईल अशा एका कातकरवाडीत सर्वेक्षण करायचं होतं. छापील प्रश्नावली, पाठीला कडक पुठ्ठा, गळ्यात ओळखपत्र असा आमचा सरंजाम. वाडीत निम्म्याहून अधिक दारांना कड्या. एका ओट्यावर म्हातारी बसली होती, दुसऱ्या घरात एक बाळंतीण. बाकी सगळी दिवाळी उरकून भट्टीवर गेलेली. वीटभट्टीवर, नाहीतर कोळशाच्या. पनवेलकडे, घाटावर, कुठे कुठे. जी माणसं होती त्यांच्या 'व्यवसाय' या रकान्यात आम्ही 'मजुरी' लिहिलं आणि बंद घरांपुढे रेघ मारली. तो अहवाल व्यवस्थित टंकलिखित होऊन, सुबक बांधणीत कपाटात गेला. त्यात चुकीचं असं एकही वाक्य नव्हतं, आणि त्यावरून वाडीबद्दल काहीही कळत नव्हतं.

बंधाऱ्याचंही तेच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यात आडव्या रचायच्या, हा वनराई बंधारा. त्याला हे नाव ज्या 'वनराई'मुळे पडलं तिचे संस्थापक मोहन धारियाही नाते गावचेच. एका गावानं दोन माणसं देऊन आमच्या शिबिराचा निम्मा कार्यक्रम आखून ठेवला म्हणायचा! हा बंधारा घालायचा तो पाऊस ओसरला की लगेच, ओढा चांगला वाहता असताना. तेव्हा अडवलेलं पाणी पुढे काही महिने जनावरांना, भाजीपाल्याला पुरतं. ऑक्टोबरात आम्ही परीक्षागृहात होतो. डिसेंबरात गेलो तेव्हा ओढ्याची करंगळीएवढी धार उरली होती. आम्ही बंधारा घातला, फोटो झकास आले. एक आजोबा काठावर बसून बघत होते. "दिवाळीच्या आधी आलां असतां तं कामाचं झालं असतं," एवढंच म्हणाले, आणि आमच्यासाठी चहा सांगायला उठले.

पाण्यावरून आठवलं. साजगाव-खोपोली पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की छत्रीची लाज वाटावी, आणि मार्चनंतर उतारावरच्या वाड्यांच्या विहिरींचा तळ दिसतो. पाताळगंगा मात्र भर उन्हाळ्यात वाहत असते, कारण लोणावळ्याच्या बाजूच्या धरणांतून खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रात पाणी उतरतं आणि जनित्रं फिरवून नदीत येतं. 1915 पासून हे चाललं आहे. म्हणजे आमच्या नदीला कधी किती पाणी असावं, हे विजेच्या मागणीवर ठरतं. हे भूगोलाच्या पेपरात मी लिहिलं असतं तर विषयांतर म्हणून गुण कापले गेले असते.

दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला श्रमबळ सर्वेक्षण आलं. माणूस कामावर आहे की बेकार, हे दोन तऱ्हांनी मोजतात. गेल्या 365 दिवसांत बहुतेक काळ तो काय करत होता, ही एक. गेल्या सात दिवसांत निदान एक तास काम केलं का, ही दुसरी. वर्गात बहुतेकांना ही पारिभाषिक कटकट वाटली. मला बंद दारं आठवली. तासानंतर सरांना विचारलं की, वर्षाची बेरीज आणि आठवड्याचा तुकडा यांच्या मधलं काही नाही का? सरांनी उत्तर दिलं नाही, एक पुस्तक दिलं. हॅरल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. पिंपळे सौदागर या गावाचा शेत-शेत, घर-घर फिरून केलेला त्यांचा अभ्यास 1917 साली प्रसिद्ध झाला. 1771 मध्ये सरासरी चाळीस एकरांची असलेली जमीनधारणा 1914-15 पर्यंत सात एकरांवर आली, हे त्यांनी जुनी दप्तरं आणि प्रत्यक्ष बांध ताडून दाखवलं. आज त्या पिंपळे सौदागरात आयटीवाल्यांचे टॉवर आहेत आणि आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना तिथे नोकरी हवी आहे, तो भाग वेगळा. मी त्या पुस्तकातून एवढंच उचललं की आकडा मिळवायला पायपीट लागते, आणि एका फेरीत तो मिळत नाही.

म्हणून तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी प्रश्नावली टाकून दिली आणि बारा महिन्यांचा तक्ता केला. प्रत्येक घरासाठी एकच प्रश्न: या महिन्यात कोण कुठे असतं, आणि खायला कशातून येतं? जायचंही पावसाळ्यात, वाडी भरलेली असताना. त्या काळात माझ्या हजेरीचे तीनतेरा वाजले, ते वाजू दिले.

लावणीच्या दिवसांत बायका चिखलात, दुपारनंतरच भेटायच्या. ज्या मावशी सर्वांत जास्त बोलल्या, त्यांनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. घरात कोण, बाप कुठल्या कंपनीत, लग्न कधी. मग तक्ता पुढे सरकला. पहिल्या पावसाला शेवळं काढून बाजारात विकायची. मग लावणीची मजुरी. खेकडे, ओढ्याचे मासे, टाकळा, कुर्डू. आषाढ असा निघतो. लावणी संपली की श्रावण-भाद्रपदात हाताला काम नाही. पावसामुळे रोजगार हमीची मातीकामं बंद, जंगलातलंही सरत आलेलं, दुकानात उधारी. "तवाच शेट येतो," मावशी म्हणाल्या. तेव्हाच भट्टीवाल्याचा माणूस वाडीत येतो आणि उचल देऊन जातो. गणपतीला घेतलेले ते पैसे दिवाळीनंतर अंगमेहनतीनं फेडायचे. पोरं शाळेतून काढून बरोबर न्यायची, कारण मागे त्यांना सांभाळणार कोण?

मला हवं होतं ते इथे होतं. डिसेंबरात दिसणारं स्थलांतर ठरतं भाद्रपदात. बंद दारांपुढे रेघ मारून कुणालाही हे कळणार नाही. भट्टीवरच्या मुलांसाठी काही करायचं तर त्याचा मुहूर्तही तोच, वाडी उठण्याआधीचा. दिवाळीनंतर सगळे उपाय उशिराचे.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही, हेही त्याच प्रकल्पात कळलं. पावसाळ्यात आदिवासींच्या घरातलं धान्य संपतं हे ओळखूनच 1978 पासून सरकारची खावटी कर्ज योजना होती. ती मध्ये बंद पडली आणि करोनाच्या काळात 4,000 रुपयांचं अनुदान म्हणून परत आली, निम्मं रोख, निम्मं किराणा. कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं धान्य बँकांचा प्रयोग केला. पावसाळ्यात धान्य न्यायचं, कापणीनंतर थोडं वाढवून परत करायचं. त्याच्याही आधी माथेरानचे भाई कोतवाल या पट्ट्यात धान्याची कोठारं उभारत होते, शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. शाळेत कोतवाल शिकवतात ते विजेचे मनोरे पाडणारे, 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर धारातीर्थी पडलेले. ते बरोबरच आहे. पण पावसाळ्यातलं पोट हा राजकारणाचा विषय आहे हे ओळखणारा वकील मला जास्त जवळचा वाटतो, आणि त्याच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

दुसऱ्या वर्षातली एक गंमत सांगायची राहिली. 2024 मध्ये एकादशी 12 नोव्हेंबरला आली आणि विधानसभेचं मतदान 20 तारखेला. इतक्या वर्षांत एकदाच यात्रा आणि आमचा उपक्रम एका पंधरवड्यात सापडले. मतदान जागृतीचं पथनाट्य आम्ही मासळीच्या दुकानांसमोर केलं. विक्रेत्या बायकांनी आमच्या आवाजावर आवाज चढवून भाव पुकारले, आणि गर्दी अर्थातच त्यांच्याकडे वळली. आमच्यापेक्षा त्यांचं पाठांतर पक्कं होतं.

समाजसेवेनं समाजाला काय मिळालं, या रकान्यात अहवालात खूप काही लिहितात. माझा अंदाज कोरडा आहे. वाडीला एक उशिराचा बंधारा मिळाला, थोडी कागदपत्रं मार्गी लागली, काही मुलांना अक्षरं गिरवायला कुणीतरी मिळालं. माझ्या वाट्याला मात्र एक सबंध विषय आला आणि आता पुढे एम.ए. करायचं ठरलं आहे. ही देवघेव बरोबरीची नाही. नव्या शैक्षणिक धोरणात समाजसंपर्काच्या प्रकल्पाला आता श्रेयांक आहेत, म्हणजे आमच्या मागून येणाऱ्या सगळ्यांनाच वाडीत जावं लागणार. एकाच वाडीत दरवर्षी नवे चेहरे, तेच प्रश्न आणि तेच पुठ्ठे पोचले तर तिथल्या बायकांनी दार लावून घ्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. निदान आधीच्या तुकडीचा अहवाल वाचूनच पुढच्या तुकडीनं निघावं, असं मी विभागात सुचवलं आहे. सर हो म्हणाले. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, ते अजून सापडलेलं नाही.

माझ्या तक्त्यात जानेवारी ते मे हे रकाने ऐकीव माहितीवर भरलेले आहेत. त्या महिन्यांत वाडी इथे नसते, आणि प्रकल्प मार्चमध्ये द्यायचा होता. तोंडी परीक्षेत मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि दोन गुण कापले. ते त्यांनी योग्यच केलं. एका कुटुंबाची भट्टी कर्जतच्या बाजूला आहे, खोपोलीच्या लोकलनं जाऊन पुढे रिक्षानं गाठता येईल अशी. मावशींनी तिथला पत्ता सांगितला आहे, येताना सुके बोंबील आणायला बजावून. शेटनं हटकलं तर भाची म्हणून सांगायचं, हेही ठरलंय.