ई-मेलचा प्रोग्राम: फुकट की विकत?

गटाच्या संगणकावर ई-मेलचा प्रोग्राम असला, की आलेली पत्रं त्यात उतरून राहतात. मग आष्टी-पाटोद्याकडं नेट गेलं तरी बँकेचं जुनं पत्र वाचता येतं.

२००४ पासून मिळणारा ‘थंडरबर्ड’ फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबतचा ‘आउटलूक’ विकतचा. वर्गणीवर घेतला तर दरसाल पैसे. एक-दोन खाती असलेल्या गटाला फुकटचा पुरतो. ऑफिस आधीच विकत घेतलं असेल, तर त्यात आउटलूक आहे का ते बघा.

कुठलाही घ्या, खातं जोडताना ‘आयमॅप’ निवडा. पत्रं मेल कंपनीकडंही राहतात. संगणक बिघडला तरी ऑर्डरीचे, कर्जाचे कागद हरवत नाहीत. आणि पासवर्ड अध्यक्ष-सचिवांकडंच ठेवा, प्रोग्राम बसवून देणाऱ्याकडं नको.