गिंपचा टूलकिटबदल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चित्रसंस्करणाच्या 'गिंप' या मुक्तस्रोत आज्ञावलीची 3.0 ही आवृत्ती मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने खिडक्या, बटणे व याद्या पडद्यावर उभ्या करणाऱ्या जीटीके या टूलकिटची दुसरी पिढी सोडून तिसरी स्वीकारली. ही तिसरी पिढी 2011 सालीच सिद्ध झालेली असल्यामुळे, मधल्या चौदा वर्षांचा ठपका कर्त्यांच्या आळसावर ठेवला जातो. तो मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो.

टूलकिट बदलणे म्हणजे भिंतींना नवा रंग देणे, हा यातील मूळ गैरसमज. वास्तविक जीटीकेच्या तिसऱ्या पिढीने पडद्यावर रेखाटन करण्याची जुनी पद्धत रद्द करून तो सारा कारभार 'कैरो' या ग्रंथालयाकडे सोपविला. त्यामुळे थरांची यादी, मोजपट्टी, वक्ररेषांचा आलेख असे जे जे घटक गिंपने स्वतःच्या गरजेसाठी स्वतंत्रपणे घडविले होते, त्या प्रत्येकाची रेखाटनाची संहिता नव्याने लिहिणे प्राप्त झाले. याच संधीस प्लगिनांशी असलेला जुना करारही कर्त्यांनी नव्याने बांधला. आधीच्या 2.10 या आवृत्तीसाठी लिहिलेली प्लगिने 3.0 मध्ये फेरफार केल्याविना चालत नाहीत, हे त्याचेच फळ. त्यातून होणारी गैरसोय खरी आहे, परंतु पायथॉन 2 चा आधार 2020 सालीच संपुष्टात आल्यावर त्या भाषेतील प्लगिनांना पायथॉन 3 कडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हतेच.

जीटीके हे गिंपचेच अपत्य, तेव्हा हे काम घरच्या घरात उरकावयास हवे होते, असेही म्हटले जाते. यातील पूर्वार्ध खरा आहे. बर्कले येथील विद्यार्थी स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी गिंप घडविताना प्रारंभी मोटिफ हे टूलकिट वापरले; परंतु ते त्या काळी मुक्त नसल्यामुळे त्यांनी स्वतःचे टूलकिट रचले, म्हणजे गिंपचा पहिला टूलकिटबदल तिच्या बाल्यावस्थेतच झाला. तथापि 1997 मध्ये सुरू झालेल्या ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने जीटीके अंगीकारले आणि पुढे त्याची वाटचाल मुख्यतः ग्नोमच्या गरजांनी ठरत गेली.

नव्या टूलकिटमुळे चित्रावरील प्रक्रिया जलद होते, ही समजूतही निराधार. ते काम जेग्ल या चित्रप्रक्रियेच्या ग्रंथालयाचे, आणि त्याचा व्यापक अंगीकार 2018 च्या 2.10 मध्येच झाला होता.

मग सामान्य वापरणाऱ्यास लाभ कोणता? अतिसूक्ष्म बिंदूंच्या पडद्यांवर अक्षरे व चिन्हे योग्य आकाराची दिसतात आणि आज्ञावली चालू असताना जोडलेली लेखणी-पाटीही ओळखली जाते. मराठी वाचकास तर याहून जुना दाखला अधिक जवळचा वाटावा. 2004 साली गिंप 2.0 जीटीकेच्या दुसऱ्या पिढीवर आली, तेव्हा त्या पिढीबरोबर आलेल्या 'पँगो' या अक्षरजुळणीच्या ग्रंथालयावरच तिचे नवे मजकूर-साधन उभारलेले होते, आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असूनही लिहिताना त्याच्या आधी मांडावी लागते, हे देवनागरीचे मर्म पँगोस ठाऊक होते.