जुनी फळी, ताजा वारा

जिम ड्रेक व हॉयल श्वाइत्झर या दोघांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात शिडाच्या फळीच्या पेटंटासाठी अर्ज केला. त्यांची फळी सुमारे १२ फूट लांब होती. आजच्या आखूड फळ्या जोरदार वाऱ्यात सुसाट धावतात. मंद झुळुकीत मात्र लांब जुनी फळीच बरी. ती माणसाचा भार सहज पेलते, आणि तिच्या पोटातून पाण्यात उतरणारे पाते तिला आडवे वाहू देत नाही. मग नवी कशाला घ्यावी? खर्च करावयाचा तो सांध्यावर व दोरांवर करावा. डोलकाठी फळीशी जोडणारा लवचिक सांधा वयोमानाने तडकतो. किनाऱ्यापासून दूर तो तुटला, तर प्राणांशी गाठ! अशा वेळी फळी मात्र सोडू नये, तीच तारते.