संकटातली ख्रिस्ती आशा

ख्रिस्ती श्रद्धेतली आशा म्हणजे ‘सगळे ठीक होईल’ असा अंदाज नव्हे. तिचा पाया येशूचे पुनरुत्थान हा आहे आणि त्याआधी क्रूस असल्यामुळे ती दुःख नाकारत नाही. स्तोत्रसंहितेत देवाकडे केलेल्या उघड तक्रारी आहेत. त्याही प्रार्थनाच मानल्या जातात. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम येतो. आशा शेवटी येते, हे सहसा विसरले जाते.

अशा आशेचे एक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवांना आणले. त्यांच्यासाठी केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम आणि छापखानाही चाले. नुसत्या उपदेशाने भूक भागत नाही, हे रमाबाईंना अनुभवाने ठाऊक होते. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही वारली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर मात्र थांबले नाही. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी रमाबाईंनी ते पुरे केले.