चाचणी संपली, मग औषधाचं काय?

इथं येरमाळ्यात बसून तुम्ही म्हणाल, सिकलसेल हा गडचिरोली-नंदुरबारकडचा आजार, आपला काय संबंध? पण आज जो नियम सांगतोय, तो कुठल्याही नव्या औषधाच्या चाचणीला लागू होतो.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. समजा, चाचणीतल्या गोळीनं एका मुलीचं दुखणं थांबलं. चाचणी संपली, गोळी बंद. आजार मात्र जन्माचा. मग?

आपल्याकडे २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम आहेत. त्यातला २७ वा नियम बघा. चाचणीच्या डॉक्टरांनी शिफारस केली आणि नैतिकता समितीनं मान्यता दिली, तर कंपनीनं औषध पुढेही मोफत द्यायचं. अटी अशा: रुग्णाला गुण आलेला हवा, दुसरा उपचार उपलब्ध नसावा आणि रुग्णाची लेखी संमती हवी. पुढच्या वापराची जबाबदारी कंपनीवर नाही, हेही रुग्णानं लिहून द्यायचं.

खरी गोम दुसऱ्या अटीत आहे. सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया हे जुनं औषध मिळतं. म्हणजे 'दुसरा उपचार आहे' असं म्हणायला जागा आहे. पण ज्याला ते मानवत नाही, त्याचं काय? हे समितीपुढे मांडावं लागतं.

आणि औषध चालू राहणं नेहमी हिताचंच असतं, असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरनं व्हॉक्सेलोटर जगभरातून मागं घेतलं. फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला.

म्हणून सही करण्याआधी विचारा: चाचणीनंतर औषध कोण देणार, किती दिवस, आणि तपासणी कोण करणार? उत्तर कागदावर घ्या.