ऊर्जा उणे कशी असेल?

धन आणि ऋण प्रभार एकमेकांना ओढतात, इथपर्यंत कुणाची अडचण नसते. घोळ सुरू होतो तो त्यांच्यातील स्थितिज ऊर्जेपाशी.

गैरसमज : ऊर्जा उणे असणे अशक्य, ते चिन्ह म्हणजे गणितातली सोय.

वस्तुस्थिती : शून्य कुठे मानायचे, एवढाच संकेत आपला आहे. प्रभार एकमेकांपासून अनंत अंतरावर असतील तेव्हा ऊर्जा शून्य धरतात. विहिरीची खोली काठापासून मोजावी तसेच हे. त्या शून्याखाली ऊर्जा किती उतरली, ते मात्र प्रयोगाने मोजता येते. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे असताना त्यांचे जितके वस्तुमान भरते, त्यापेक्षा हायड्रोजनचा अणू सुमारे सात कोटींत एक भाग हलका असतो. ही तूट त्या उणे ऊर्जेचीच.

गैरसमज : जवळ आल्यावर ओढ वाढते, म्हणजे ऊर्जाही वाढते.

वस्तुस्थिती : अंतर निम्मे झाले की बल चौपट होते, हे कूलॉमने १७८५ मध्येच दाखवले. ऊर्जेचा आकडाही दुप्पट होतो, पण उणे बाजूला; म्हणजे ऊर्जा घटते. हायड्रोजनमध्ये ०.०५३ नॅनोमीटर अंतराला ती उणे २७.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. घटलेल्या ऊर्जेतील निम्मी इलेक्ट्रॉनच्या गतीत जाते, उरलेली १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रकाशरूपाने बाहेर पडते. इलेक्ट्रॉन पुन्हा सोडवायचा तर नेमकी तेवढीच ऊर्जा बाहेरून द्यावी लागते.

आणि ही ऊर्जा एकट्या इलेक्ट्रॉनची नव्हे, तर जोडीची.

गैरसमज : रासायनिक बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.

वस्तुस्थिती : सगळ्यांत चिवट आणि सगळ्यांत नुकसानकारक समज हाच, चांगले गुण मिळवणारी मुलेही यात अडकतात. बंधाच्या मुळाशी अणुकेंद्रे आणि इलेक्ट्रॉन यांची विद्युत ओढ असते, त्यामुळे तो तोडायला ऊर्जा खर्चच होते. हायड्रोजनच्या एक मोल रेणूंचे बंध तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात. मग हायड्रोजन पेटल्यावर उष्णता कुठून येते? दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन यांचे बंध तोडायला सुमारे १,३७० किलोज्यूल लागतात. पाण्याचे नवे बंध जुळताना सुमारे १,८५० सुटतात. उष्णता मिळते ती या फरकाची.

शिक्षकांना एक विनंती : सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी शून्य कुठे धरले आहे, ते मुलांना आवर्जून सांगा.