तेलातली ओल

सकाळी 7. मृग तोंडावर आलाय. केशोरीत धानाच्या पऱ्ह्यांची तयारी, आमच्याकडे पावसाळ्यापूर्वीची कामं. उपकेंद्रात आल्या आल्या ट्रान्सफॉर्मरचा ब्रीदर पाहिला. निळी असायला हवी ती सिलिका जेल गुलाबी पडलेली. तेल तापून-निवून टाकी ब्रीदरमधून हवा आत-बाहेर करते, जेल तिची ओल शोषते. जेल ओलीनं भरली की दमट हवा थेट आत.

8:30. भार दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर टाकला, परमिट घेतलं, डिस्चार्ज रॉड लावला. नमुना तळाच्या व्हॉल्व्हमधून घेतो, पाणी तिथंच बसतं. पहिली धार टाकून द्यायची, बाटली त्याच तेलानं विसळायची.

10. बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) चाचणी. कपातल्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर 2.5 मिमी, गेज घालूनच बघतो. तेल ओतून पाच मिनिटं थांबायचं, बुडबुडे निघून जाऊ द्यायचे. मग दर सेकंदाला 2 केव्ही चढवत जायचं.

हेल्पर कपात डोकावून म्हणाला, "साहेब, पाणी तं दिसत नाही यात."

"दिसलं असतं तर मशीन कशाला आणली असती?"

चट्ट! ठिणगी पडली, मशीन ट्रिप. तेल ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा. असं सहा वेळा, मग सरासरी. वापरातल्या तेलाला 30 केव्ही तरी हवेत, आमचं त्याखाली. कागदाचे, कापसाचे सूक्ष्म तंतू पाणी पितात, विद्युतक्षेत्रात खेचले जातात आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये रांग धरतात. त्या रांगेतून करंट वाहिला की उष्णतेनं वाफेचा बुडबुडा होतो आणि ठिणगी त्यातूनच फुटते. एवढासा तंतू, पण ट्रान्सफॉर्मर जाळायला पुरेसा.

दुपारी 1. फिल्टर मशीन जोडली. तेल साठेक अंशांवर तापवून व्हॅक्यूममधून फिरवायचं. घाई करून चालत नाही. जेवण तिथंच.

4. ब्रेकरच्या एसएफ-6 गॅसचा दाब पाहिला, ठीक. हा गॅस मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो, म्हणून त्याच दाबाच्या हवेपेक्षा सुमारे अडीचपट व्होल्टेज सोसतो. पण हवेत सोडायचा नाही: शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून जास्त तापवतो.

6. नवी जेल भरली. तेल अजून मशीनवरच. उद्या पुन्हा नमुना.

शेतातल्या डीपीलाही ब्रीदर असेल तर खालूनच रंग बघा. गुलाबी दिसला तर लाईनमनला सांगा, स्वतः मात्र चढू नका.